मुका मार : वाचादोष असलेले मूल आणि वाङ्मयीन रूपकाची मर्यादा

(१)

ज्या आघाताची खूण अंगावर दिसत नाही त्याला मराठीत ‘मुका मार’ म्हणतात. कातडी फाटत नाही, रक्त येत नाही. दुखणे आतल्या आत राहते. या शब्दप्रयोगात मूकपणा हा आघाताचा विशेष आहे, आघात सोसणाऱ्याचा नव्हे. तरीही तो वापरताना आपण नकळत एक गोष्ट गृहीत धरतो : जे बोलत नाही ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची दखल घेण्याचे बंधन इतरांवर नाही. बोलण्यातील व्यंगाविषयी मराठीने जमविलेले वाक्प्रचार अशाच गृहीतांवर उभे आहेत. भीतीने ‘बोबडी वळते’. खोटे पकडले गेले की माणूस ‘त त प प’ करू लागतो. धक्क्याने ‘वाचा बसते’. अन्यायाला ‘वाचा फोडावी’ लागते. यांतील प्रत्येक प्रयोगात वाचेची अडचण ही दुसऱ्याच कशाची तरी खूण आहे : भयाची, अपराधाची, दडपणुकीची. वाचेची अडचण ही केवळ वाचेचीच अडचण असू शकते, ही शक्यता या वाक्प्रचारांनी जवळजवळ वगळलेली आहे.

प्रौढ माणूस निदान आपली बाजू मांडू शकतो. मुलाला ते शक्य नसते. आठ-नऊ वर्षांचे तोतरे मूल फळ्यापाशी उभे राहून पहिल्याच अक्षरावर अडते, तेव्हा वर्ग त्याच्याकडे याच वाक्प्रचारांच्या आधाराने पाहतो. ‘त त प प करतोस, म्हणजे अभ्यास केलेला नाहीस’ हे अनुमान शिक्षकाने स्वतंत्रपणे काढलेले नसते; भाषेने ते त्याच्या हाती तयार ठेवलेले असते. आपण ‘बोबडे बोल’, ‘घोगरा आवाज’ असे म्हणतो खरे, परंतु तोतरा, गेंगाणा, मुका ही विशेषणे थेट मुलाला लागतात, आणि त्यांचीच पुढे तोतऱ्या, गेंग्या, मुक्या अशी नावे होतात. विशेषणाचे विशेषनाम होण्याची ही प्रक्रिया व्याकरणाच्या पुस्तकात किरकोळ असेल. ज्याचे नाव बदलते त्याच्या दृष्टीने ती किरकोळ नसते.

भाषेतील अशा गृहीतांची तपासणी वाङ्मय करते, अशी आपली श्रद्धा आहे. मग वाचादोष असलेल्या मुलाशी वाङ्मय कसे वागते? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात तीन संहितांच्या आधारे करावयाचा आहे : रवींद्रनाथ ठाकूर यांची ‘सुभा’ ही कथा (१८९३), युकिओ मिशिमा यांची ‘किंकाकुजी’ ही कादंबरी (१९५६, आयव्हन मॉरिस यांचा इंग्रजी अनुवाद १९५९) आणि डेव्हिड मिचेल यांची ‘ब्लॅक स्वॉन ग्रीन’ ही कादंबरी (२००६). तिन्हींची भाषा वेगळी, काळ वेगळा, वाङ्मयप्रकृतीही वेगळी. त्यांच्यात प्रभावाचा धागा शोधण्याचा येथे हेतू नाही. प्रत्येक संहितेला दोनच प्रश्न विचारावयाचे आहेत. ती व्यंगाचा अर्थ लावते, की व्यंगासह जगण्याचे स्वरूप दाखविते? आणि ऐकणाऱ्याला तिच्यात कोणती जागा आहे?

(२)

वाङ्मयाकडे वळण्यापूर्वी वस्तुस्थितीचा थोडका निर्देश आवश्यक आहे, कारण या विषयात रूपके वस्तुस्थितीच्या जागी बसलेली आहेत. तोतरेपणा बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान, म्हणजे मूल वाक्ये जुळवू लागते त्याच वयात सुरू होतो. शंभरांतील सुमारे पाच ते आठ मुलांच्या वाट्याला तो कधी ना कधी येतो आणि त्यांतील बहुसंख्य मुलांच्या बाबतीत ओसरतो. प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास उरते. मुलींपेक्षा मुलग्यांत तो अधिक आढळतो. अनुवंश आणि मेंदूतील वाचेचे नियोजन यांच्याशी त्याचा संबंध आहे, हे गेल्या काही दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. भित्रा स्वभाव किंवा पालकांचे संगोपन हे त्याचे कारण नव्हे. सतत ओरडण्याने स्वरतंतूंवर गाठी येऊन मुलाचा आवाज घोगरा होतो. दुभंगलेल्या टाळूमुळे उच्चार नाकातून येतात. कारणे अशी निरनिराळी असली तरी मुलाच्या अनुभवात एक गोष्ट समान असते : आपण काय बोललो याच्या आधी आपण कसे बोललो हे ऐकले जाते. आशय पोहोचण्यापूर्वीच उच्चाराचा निवाडा झालेला असतो.

याला एक विलक्षण पुरवणी आहे. बहुतेक तोतऱ्या व्यक्ती इतरांच्या सुरात सूर मिसळून बोलताना किंवा गाताना अडखळत नाहीत. शाळेतील प्रार्थना, घरातील आरती, सर्वांनी मिळून म्हटलेला परवचा यांत हे मूल इतरांइतकेच अस्खलित असते. एकट्याने उभे राहिले की ते अडते. ऐकणाऱ्याला हे यंत्रणेचे वैशिष्ट्य म्हणून ठाऊक नसते; त्यामुळे तो त्याचा नैतिक अर्थ लावतो. ‘मघाशी तर नीट म्हणत होतास’ या वाक्यात ढोंगाचा आरोप असतो. येथे अज्ञान आणि अर्थनिर्णयन यांचा संबंध स्पष्ट होतो : जेथे माहिती नसते तेथे अर्थ लावण्याची घाई होते.

ही घाई किती महाग पडू शकते याचे एक उदाहरण शास्त्राच्याच इतिहासात आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९३९ मध्ये वेंडेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने एका अनाथाश्रमातील २२ मुलांवर प्रयोग केला. त्यांतील सहा मुले बोलण्यात निर्दोष होती. त्यांना मात्र पद्धतशीरपणे सांगण्यात आले की तुमचे बोलणे सदोष आहे, अडखळणार असाल तर बोलूच नका. जॉन्सन स्वतः तोतरे होते. तोतरेपणाची सुरुवात मुलाच्या तोंडात होत नसून पालकाच्या कानात होते, असे त्यांचे पुढे प्रसिद्ध झालेले मत होते. प्रयोगाची हकीकत २००१ मध्ये वृत्तपत्रातून सर्वांसमोर आली आणि विद्यापीठाने क्षमा मागितली. २००७ मध्ये आयोवा राज्याने नुकसानभरपाईही मान्य केली. प्रयोगाच्या नोंदी पुन्हा तपासणाऱ्या अभ्यासकांच्या मते त्या मुलांत खरा तोतरेपणा निर्माण झाल्याचा पुरावा नाही. म्हणजे सिद्धांत म्हणून जॉन्सन चुकले. परंतु मुले बुजरी झाली, बोलणे टाळू लागली, स्वतःच्या शब्दांवर पहारा ठेवू लागली. व्यंग निर्माण न करताही व्यंगाचे दुःख निर्माण करता येते, हे या प्रयोगाने सिद्ध केले. नाव ठेवणे ही उक्तिकृती आहे, असे भाषातत्त्वज्ञ म्हणतात. या सहा मुलांच्या बाबतीत ती कृती घडली आणि तिला एकही शब्द अडखळावा लागला नाही.

वाचादोष आणि वाचादोषाचे दुःख यांतील हा भेद पुढील विवेचनाचा आधार आहे.

(३)

‘सुभा’ या कथेची विडंबना नावापासूनच सुरू होते. थोरल्या बहिणी सुकेशिनी आणि सुहासिनी, म्हणून यमकाच्या ओघात धाकटीचे नाव सुभाषिणी ठेवले गेले. पुढे ती मुकी निघाली. बापाचे नाव बाणीकंठ आहे. नाव आणि नावाचा धनी यांतील अंतर रवींद्रनाथ पहिल्याच परिच्छेदात उघडे करतात आणि लगेच कथेतील सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण नोंदवितात : ती बोलत नाही म्हणून तिला काही जाणवतही नाही, असे लोकांनी धरले आणि तिच्या देखतच तिच्या भवितव्याची काळजी ते बोलून दाखवू लागले. सुभा ऐकू शकते. मूकपणामुळे जे दुःख होणे अटळ होते त्यात ऐकू येण्यामुळे होणाऱ्या दुःखाची भर पडते. आपण घराला लागलेला शाप आहोत हे ती लहानपणीच ऐकून शिकते. आई तिला स्वतःच्याच देहातील उणीव मानते; बाप तिच्यावर काहीसे अधिक प्रेम करतो. एका भारतीय घरातील वाचादोषाचे समाजशास्त्र इतक्या थोड्या शब्दांत अन्यत्र क्वचितच आले असेल.

परंतु कथा येथे थांबत नाही. निवेदक सुभेला भरपाई देऊ लागतो. तिचे मोठे काळे डोळे शब्दांपेक्षा अधिक बोलतात. नदीचा कलकल, पक्ष्यांची किलबिल, झाडांची सळसळ हीच तिची भाषा होते. सर्वशी आणि पांगुळी या गोठ्यातील गायी तिच्या सख्या होतात. वाचा नाही म्हणून निसर्ग तिच्या वतीने बोलतो. ही स्वच्छंदतावादी कल्पना विलोभनीय आहे आणि कथेचे पुष्कळसे सौंदर्य तिच्यावर उभे आहे. तरीही प्रश्न राहतो : ही भरपाई कोणासाठी आहे? सुभेसाठी, की वाचकासाठी? डोळे बोलतात म्हटले की वाचकाची अस्वस्थता कमी होते. मुलीची अडचण तशीच राहते. डोळ्यांनी तिला आपले लग्न नाकारता येत नाही.

रवींद्रनाथांचे मोठेपण असे की त्यांनी स्वतःच्या रूपकाची परीक्षा कथेतच घेतली आहे. गळ टाकून बसणारा प्रताप सुभेची सोबत पसंत करतो, कारण मासेमारीत न बोलणारा सोबती उत्तम. येथे तिच्या मूकपणाला मूल्य येते, पण ते प्रतापच्या सोयीचे मूल्य आहे. तिच्या मनात काय चालले आहे हे त्याला कळत नाही. कळावे अशी त्याला गरजही वाटत नाही. पुढे कलकत्त्याला वर स्वतः मुलगी पाहायला येतो, तिचे अश्रू पाहतो आणि त्यावरून तिच्या कोमल हृदयाचा अंदाज बांधतो. ज्या डोळ्यांना निवेदकाने भाषा म्हटले होते ती भाषा तिच्या आयुष्याच्या निर्णायक क्षणी साफ चुकीची वाचली जाते. लग्न होते, फसवणूक उघडी पडते, आणि नवरा या वेळी डोळ्यांबरोबर कानांनीही पारख करून बोलणारी दुसरी बायको आणतो.

म्हणून ‘सुभा’ ही दोन परस्परविरोधी वाचनांची कथा आहे. तिच्या पूर्वार्धात मूकपणाचे काव्य आहे. उत्तरार्धात त्या काव्याचे वाचक किती निरुपयोगी ठरतात ते आहे. आपल्याकडील अध्यापनात या कथेच्या पूर्वार्धावरच भर दिला जातो, असा माझा अनुभव आहे. विद्यार्थी ‘निसर्ग आणि मानव यांचे अद्वैत’ असे उत्तर लिहितात आणि गुण मिळवितात. सुभेच्या देखत बोलणाऱ्या शेजाऱ्यांविषयी प्रश्न विचारला जात नाही.

(४)

क्योटो येथील सुवर्णमंदिर जुलै १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने जाळले. या घटनेवर आधारलेल्या मिशिमांच्या कादंबरीचा निवेदक मिझोगुची हा लहानपणापासून तोतरा आहे. पहिला ध्वनी ही आपले अंतर्विश्व आणि बाह्य जग यांमधील दाराची किल्ली आहे आणि ती किल्ली गंजलेली आहे, असे तो सांगतो. मुले त्याची नक्कल करतात. पहाटेच्या अंधारात तो उइको या मुलीच्या सायकलीसमोर जाऊन उभा राहतो आणि त्याला एकही शब्द उच्चारता येत नाही. तिने केलेला उपहास त्याच्या मनात मृत्युशापाचे रूप घेतो.

तोतरेपणाच्या कालानुभवाचे असे सूक्ष्म वर्णन वाङ्मयात दुर्मीळ आहे. शब्दाशी झटापट करून तो बाहेर येईपर्यंत ज्या वास्तवासाठी तो हवा होता ते वास्तव शिळे झालेले असते, हे मिझोगुचीचे निरीक्षण केवळ मानसशास्त्रीय नाही; संभाषण हे काळात चालते आणि काळ बहुसंख्यांच्या गतीने मोजला जातो, हे त्यातून उघड होते. वर्गात हात वर करणाऱ्या प्रत्येक तोतऱ्या मुलाला हे ठाऊक असते की उत्तर येत असूनही आपली पाळी निघून जाईल.

तथापि कादंबरीची रचना या निरीक्षणाचा वापर वेगळ्याच कामासाठी करते. तोतरेपणापासून एकाकीपण, एकाकीपणापासून सौंदर्याचा मत्सर, मत्सरापासून जाळपोळ अशी कारणपरंपरा ती उभारते. किल्ली-कुलपाच्या रूपकाने सुरू झालेला प्रवास आगीने पूर्ण होतो. व्यंगाला नियतीचे स्थान मिळते. समीक्षक अशा रचनेला ‘अपरिहार्यता’ म्हणून गौरवितात. पण अपरिहार्यता हा रचनेचा गुण आहे, आयुष्याचा नव्हे. जगातील असंख्य तोतरी मुले कोणतेही मंदिर जाळीत नाहीत. ती दूरध्वनी टाळतात, दुकानात हवी ती वस्तू न मागता उच्चारता येईल ती मागतात, आणि उपस्थिती घेताना आपला क्रमांक जवळ येऊ लागला की त्यांच्या तळहातांना घाम सुटतो. या लहान घटनांना शोकात्मिकेची उंची नाही, म्हणून त्या रूपकाच्या कक्षेत येत नाहीत.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. मिझोगुची जे निवेदन करतो ते आरंभापासून अखेरपर्यंत अस्खलित आहे. पात्र अडखळते, निवेदक अडखळत नाही. लेखनात तोतरेपणा नसतो हे खरे असले, तरी येथे त्या अस्खलितपणाचा पात्राला काहीच उपयोग नाही; तो सारा वाचकाच्या वाट्याला येतो. कादंबरीत एकच माणूस असा आहे की ज्याच्यासमोर हा निवेदक सुटा होतो : त्सुरुकावा. तो नक्कल करीत नाही, वाट पाहतो, मिझोगुचीच्या काळ्या विचारांचे उजळ रूप त्याला परत देतो. उलट काशिवागी हा पायाने अधू असलेला मित्र व्यंगाचे तत्त्वज्ञान करतो आणि त्याला हत्यार म्हणून वापरावयास शिकवितो. कादंबरी काशिवागीच्या मार्गाने जाते, कारण नाट्य त्या बाजूला आहे. त्सुरुकावा मरतो आणि त्याच्याबरोबर ऐकणाऱ्याची जागाही रिकामी होते. माझ्या मते या कादंबरीतील खरा कलाटणीबिंदू हा मृत्यू आहे, मंदिराची आग नव्हे. मंदिर जाळण्यापूर्वी मिझोगुचीने आपला एकमेव श्रोता गमावलेला असतो.

(५)

तोतरेपणाचे तत्त्वज्ञान करण्याचा मोह आधुनिक समीक्षाविचारालाही आवरलेला नाही. जील देल्यूझ यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधसंग्रहात एक भेद मांडला आहे. पात्र बोलताना अडखळते, हे भाषणाच्या पातळीवरील अडखळणे. मोठा लेखक मात्र भाषाव्यवस्थेलाच अडखळायला लावतो, तिला तिच्याच घरात परकी करतो. काफ्का आणि बेकेट यांसारख्या लेखकांना समजून घेण्यास हा भेद उपकारक आहे यात शंका नाही. पण त्याची किंमत कोणी मोजली? ‘तोतरेपणा’ हा शब्द शैलीचे सर्वोच्च प्रशस्तिपत्र झाला, आणि प्रत्यक्ष तोतरे बोलणे ही तिची प्राथमिक, दुय्यम, मागे टाकावयाची पायरी ठरली. सुझन सोंटाग यांनी १९७८ मध्ये आजाराच्या रूपकांविषयी दिलेला इशारा येथे उलट दिशेने लागू पडतो. त्यांनी क्षय आणि कर्करोग यांच्यावर लादलेल्या अर्थांबद्दल लिहिले. येथे एका व्यंगातून वेदना काढून घेऊन उरलेला अर्थ सिद्धांताने आपल्याकडे ठेवला आहे.

मिचेल यांची कादंबरी देल्यूझप्रणीत भेदाला खोडून काढते, आणि तेही सिद्धांताचा आव न आणता. जेसन टेलर हा तेरा वर्षांचा मुलगा इंग्लंडमधील वूस्टरशर परगण्यातील एका खेड्यात राहतो. कादंबरीची तेरा प्रकरणे म्हणजे जानेवारी १९८२ ते जानेवारी १९८३ हे तेरा महिने. जेसनने आपल्या तोतरेपणाला ‘हँगमन’, म्हणजे फाशी देणारा, असे नाव दिले आहे. फळ्यावर खेळल्या जाणाऱ्या अक्षरांच्या खेळावरून ते आले आहे. हे नामकरण महत्त्वाचे आहे. ‘मी तोतरा आहे’ या वाक्यात व्यंग आणि व्यक्ती एक होतात. ‘हँगमन आला’ या वाक्यात मुलगा आणि त्याची अडचण वेगवेगळे राहतात. विशेषणाचे विशेषनाम येथेही होते, पण ते मुलाने स्वतः केलेले आहे आणि ते त्याला स्वतःला लागत नाही.

लेखक स्वतः तोतरे आहेत, आणि त्यांच्या या अनुभवामुळे कादंबरीत एक तंत्र तपशिलाने आले आहे : शब्द बदलण्याचे. वाक्य बोलत असतानाच जेसन पुढचा मार्ग चाचपतो, विशिष्ट ध्वनीने सुरू होणारा धोक्याचा शब्द दिसला की त्याऐवजी दुसरा घालतो. त्यामुळे त्याची शब्दसंपत्ती वयाच्या मानाने मोठी झाली आहे. पण पुस्तकी शब्द वापरला तर मुले चिडवितील, म्हणून पर्यायातही निवड करावी लागते. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर हा मुलगा सक्तीच्या पर्यायोक्तात जगतो. कुंतकाने वक्रोक्तीला काव्याचे जीवित म्हटले; सरळ वाटेने न जाता वळणाने सांगण्यात वैदग्ध्य आहे. जेसनचे वळण वैदग्ध्यासाठी नाही, बचावासाठी आहे. तरीही त्याच बचावातून तो कवी झाला आहे आणि परगण्यातील चर्चच्या मासिकात टोपणनावाने कविता छापतो. भाषणातील अडखळणे आणि भाषेतील नवनिर्मिती यांत देल्यूझ यांनी ओढलेली रेघ येथे पुसली जाते. मात्र कादंबरी व्यंगाचे गुणगान करीत नाही. पर्याय शोधण्याच्या कामात मुलाची किती शक्ती खर्च होते, वर्गात मोठ्याने वाचण्याची पाळी जवळ येताना त्याची धास्ती कशी वाढते, गावातील मुलांच्या उतरंडीत एका अडखळण्याने किती पायऱ्या घसरता येतात, हे सारे ती मांडते.

पर्यायोक्ताला एक मर्यादाही आहे, आणि ती सर्व भाषांत सारखीच आहे. पाण्याला जल म्हणता येते, घराला निवास म्हणता येते. स्वतःच्या नावाला समानार्थी शब्द नसतो. तोतऱ्या व्यक्ती नेमक्या आपल्या नावावर अडतात, हा वाचोपचारतज्ज्ञांच्या नित्य परिचयाचा अनुभव आहे. ‘तुझे नाव काय?’ हा मोठ्यांनी मुलाला विचारलेला सर्वांत सोपा प्रश्न या मुलासाठी सर्वांत कठीण असतो. तो उत्तर देताना थांबला की विचारणारा हसून म्हणतो, ‘नाव विसरलास की काय?’ हा विनोद करणारा क्रूर नसतो. मुका मार देणारे बहुधा क्रूर नसतातच.

मिचेल यांच्या कादंबरीत ऐकणाऱ्याला जागा आहे. मिसेस द रू या वाचोपचारतज्ज्ञ कोणताही चमत्कार करीत नाहीत. जेसन त्यांच्याकडून पूर्ण बरा होऊन बाहेर पडत नाही. त्यांच्याकडे वेळ असतो, एवढेच. वाचादोष असलेल्या मुलाची कथा बरे होण्याने किंवा नष्ट होण्याने संपलीच पाहिजे, या कथनाच्या सवयीला ही कादंबरी बळी पडत नाही. सुभा नष्ट होते, मिझोगुची नष्ट करतो. जेसन चौदाव्या वर्षात जातो.

(६)

या तीन संहितांच्या वाचनातून एक निकष हाती येतो. वाचादोष असलेल्या मुलाचे चित्रण किती काव्यात्म आहे यापेक्षा त्यात श्रोता आहे की नाही, हे पाहावे. ‘सुभा’त श्रोता नाही, आणि कथेला ते ठाऊक आहे, म्हणून भरपाईच्या काव्यावर मात करून ती थोर ठरते. ‘किंकाकुजी’त श्रोता आहे, पण रचनेला त्याचा मृत्यू हवा आहे. ‘ब्लॅक स्वॉन ग्रीन’मध्ये श्रोता आहे आणि तो कथेला कंटाळवाणी करीत नाही.

मराठी परंपरेला हा निकष उसना घ्यावा लागत नाही. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात आपल्या बोलण्यातील उणिवांबद्दल श्रोत्यांची विनवणी करताना ज्ञानदेव अपत्याच्या बोबड्या वाचेचा आणि ती ऐकून आईबापांना होणाऱ्या संतोषाचा दाखला देतात. या दृष्टान्ताचे निरूपण सहसा कवीच्या विनयाचे उदाहरण म्हणून केले जाते. पण त्यात श्रोत्याची व्याख्याही आहे. बोबडे बोल अपुरे ठरत नाहीत, कारण ऐकणारा अर्थ पुरा करून घेतो आणि त्याचा आनंद मानतो. मात्र या संतोषाला आपण वयाची अट घातली आहे. दोन वर्षांच्या मुलाचे बोबडे बोल घरभर कौतुकाने पुन्हापुन्हा म्हणवून घेतले जातात; सातव्या वर्षी तोच उच्चार राहिला की कौतुकाची जागा नक्कल घेते. मूल बदललेले नसते, श्रोता बदललेला असतो.

‘मूक’ या शब्दाला मराठीत दुसराही एक थोर वारसा आहे. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव ‘मूकनायक’ ठेवले, तेव्हा मूकपणा हे व्यंग नसून लादलेली अवस्था आहे आणि दोष ऐकू न घेणाऱ्या समाजाचा आहे, असे त्या नावाने बजावले. रूपकाचा हा उपयोग आधीच्या वाक्प्रचारांच्या नेमका उलट आहे : तो बोट न बोलणाऱ्याकडे न दाखविता न ऐकणाऱ्याकडे दाखवितो. वाचादोष असलेल्या मुलासाठी आपल्याला हेच वळण हवे आहे. कायदाही येथे पुरेसा पोहोचलेला नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात वाक् व भाषा दिव्यांगतेचा समावेश आहे; पण तिच्या व्याख्येत उदाहरणे आहेत ती स्वरयंत्र काढून टाकण्याची आणि वाचाघाताची, म्हणजे मुख्यत्वे प्रौढ वयातील अवस्थांची. बाकावर उभे असलेले तोतरे मूल त्या व्याख्येत सहज सापडत नाही.

शेवटी एक कबुली देणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एका पदव्युत्तर मौखिक परीक्षेत मी परीक्षक होतो. समोरचा विद्यार्थी कुंतकाच्या वक्रोक्तिविचाराविषयी बोलू पाहत होता आणि ‘क’वर अडत होता. मी त्याला मदत करण्याच्या सद्हेतूने त्याचे वाक्य पूर्ण केले. त्याने मान डोलावली. पुढचेही वाक्य मीच पूर्ण केले. पंधरा मिनिटांची परीक्षा सात मिनिटांत संपली आणि मी त्याला बरे गुण दिले. बाहेर पडताना तो थांबला आणि, मध्ये बराच वेळ घेऊन, म्हणाला की त्याला जे म्हणावयाचे होते ते मी म्हटलेल्याहून वेगळे होते. ते काय होते हे विचारण्याइतका वेळ माझ्यापाशी नव्हता. पुढचा विद्यार्थी दारात उभा होता.

ते वेगळे म्हणणे काय असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. सुभेच्या डोळ्यांत मला वाटेल तो अर्थ वाचणाऱ्या पाहुण्यात आणि त्या दिवशीच्या माझ्यात काही फरक सांगता येत नाही. संहितेच्या मौनाचा अर्थ लावणे हे समीक्षकाचे कामच आहे. संहिता तक्रार करीत नाही. माणसासमोर मात्र अर्थ लावण्याआधी थांबावे लागते. मौखिक परीक्षेला तोतऱ्या विद्यार्थ्यासाठी अधिक वेळ द्यावा, प्रकट वाचनाची सक्ती त्याच्या संमतीने ठरवावी, त्याचे वाक्य त्यालाच पूर्ण करू द्यावे, या गोष्टींना कोणत्याही सिद्धांताची गरज नाही. पण जे विभाग वर्षानुवर्षे ‘मौनाची भाषा’ या विषयावर चर्चासत्रे भरवितात, त्यांनी निदान आपल्या दालनात अडखळणाऱ्या एका वाक्याची वाट पाहावयास शिकले पाहिजे.